हरवलेल्या पुस्तकांचा हिशोब बढतीच्या अर्जात कशाला?

प्रश्न : माझी आई तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. जून २०१९ मध्ये ती रुजू झाली. सहा वर्षे पूर्ण झाली म्हणून आता तिची 'कॅस'ची, म्हणजे सेवांतर्गत बढतीची, फाइल करायची आहे आणि दोन महिने आमच्या घरात कागदांचे ढीग पडले आहेत. शेजारच्या काकांची, म्हणजे तिथल्याच एका प्राध्यापकांची, फाइलही याच वर्षी आहे. त्यांना तासिका, शोधनिबंध, संशोधन प्रकल्प असे विचारले आहे. आईला मात्र किती पुस्तके गहाळ झाली ते विचारले आहे. मला हे वाचून वाईट वाटले. जणू ती पुस्तकांची राखणदार आहे आणि हरवली तर दोष तिचा! आई स्वतः म्हणते, "रोजचंच काम केलं, त्यात लिहायचं काय?" मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. बढती देताना हरवलेली पुस्तके का मोजतात? आणि रोजच्या कामाची फाइल लिहायची तरी कशी?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी तुझ्या मनातला सल काढते. तो रकाना तुझ्या आईंच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी ठेवलेला नाही. मी स्वतः महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि त्या रकान्याचा मलाही एके काळी राग यायचा. पुढे त्याचा अर्थ कळला, तेव्हा माझी स्वतःची फाइलही बदलली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी जी नियमावली काढली आणि महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने जी लागू केली, तिच्यात ग्रंथपालांसाठी प्राध्यापकांपेक्षा वेगळा तक्ता आहे. त्यात पाच मुद्दे आहेत. पहिला ग्रंथालयातील नियमित उपस्थितीचा. दुसरा परिसंवाद-कार्यशाळांचा. तिसरा ग्रंथांच्या संगणकीय नोंदींचा. चौथा साठा पडताळणीचा आणि गहाळ ग्रंथांचा. पाचवा इतर कामांचा, ज्यात सहा प्रकार दिले आहेत. प्रत्येक वर्षाला 'चांगले', 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' अशी श्रेणी मिळते. एकूण श्रेणी काढताना पहिला मुद्दा लागतोच, आणि उरलेल्या चारांपैकी कोणतेही दोन लागतात. पण त्या दोनांत चौथा असलाच पाहिजे, अशी अट आहे.

या अटीचा अर्थ नीट पाहा. तुझ्या आईंनी एकही राष्ट्रीय परिसंवाद घेतला नसेल, तरी त्यांचे वर्ष चांगल्या श्रेणीत जाऊ शकते. एकही शोधनिबंध लिहिला नसेल, तरी जाऊ शकते. साठा मोजला नसेल तर मात्र जाऊ शकत नाही. नियम करणाऱ्यांनी ग्रंथपालाच्या कामाचा गाभा म्हणून उपस्थिती आणि मोजणी या दोनच गोष्टी धरल्या. का बरे?

तुझ्या महाविद्यालयातली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आण. सकाळच्या एसटीने ती वीस किलोमीटरवरून येते. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, पुस्तक शोधते. पडद्यावर लिहिलेले असते, 'उपलब्ध'. ती रॅकपाशी जाते, तर तिथे पुस्तक नसते. पुन्हा शोधते, शिपाईकाकांना विचारते, पुढच्या तासाची घंटा होते. ते पुस्तक चार वर्षांपूर्वीच गेलेले असते आणि त्याची नोंद कुणीच बदललेली नसते. पुस्तक हरवले हे नुकसान आहेच. पण ते आहे असे ग्रंथालय चार वर्षे सांगत राहिले, ही त्याहून मोठी चूक. वाचकाचा वेळ वाचवणे हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयाचे कर्तव्य म्हणून सांगितले होते. साठा पडताळणी म्हणजे ग्रंथालयाने वाचकाला दिलेला शब्द खरा आहे का, हे वर्षातून एकदा तपासणे. प्राध्यापकाला काय शिकवले ते विचारतात. ग्रंथपालाला, तुझ्या यादीत जे आहे ते खरोखर आहे का, असे विचारतात. मला हा प्रश्न आता मानाचा वाटतो.

आता आकडे. साठा मोजला आणि गहाळ ग्रंथ ०.५ टक्क्यापेक्षा कमी निघाले तर 'चांगले', १ टक्क्यापेक्षा कमी निघाले तर 'समाधानकारक'. एक टक्का किंवा त्याहून जास्त निघाले, किंवा मोजलेच नाही, तर 'असमाधानकारक'. समजा आईंच्या ग्रंथालयात ३८,००० ग्रंथ आहेत. तर १९० च्या आत गहाळ असणे चांगले, ३८० च्या आत असणे समाधानकारक. म्हणजे नियम शून्याची अपेक्षा ठेवत नाही. वापरात असलेल्या ग्रंथालयातून थोडी पुस्तके जाणारच, हे त्याने गृहीत धरले आहे.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतही, २०१७ च्या आवृत्तीतील नियम २१५ मध्ये, हीच समज दिसते. वर्षभरात वाचकांनी नेलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी तिथे वाजवी धरली आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजारात पाच म्हणजे अर्धा टक्काच. पण छेद वेगळा आहे, हे आईंना जरूर सांग. तिथला हिशोब वापरलेल्या ग्रंथांवर चालतो. बढतीच्या तक्त्यात नुसती टक्केवारी आहे. म्हणून फाइलमध्ये टक्केवारी लिहिताना ती कशाची, एकूण साठा किती, गहाळ किती, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

याच दोन नियमांमध्ये एक अडचण दडलेली आहे. वित्तीय नियमाप्रमाणे वीस हजारांपर्यंतच्या ग्रंथालयाची पडताळणी दरवर्षी करायची असते, आणि वीस ते पन्नास हजारांच्या ग्रंथालयाची तीन वर्षांतून किमान एकदा. अनेक महाविद्यालये हाच प्रघात पाळतात आणि ग्रंथपाल निर्धास्त राहतात. पण बढतीची श्रेणी दरवर्षीची असते. मधल्या ज्या वर्षी मोजणी झाली नाही, त्या वर्षी चौथा मुद्दा पडतो आणि त्याच्याबरोबर सगळे वर्ष पडते. आईंच्या सहाही वर्षांची मोजणी झाली असेल तर उत्तम. नसेल तर यापुढे तरी दरवर्षी व्हावी. एकदम सगळे ग्रंथालय बंद ठेवून मोजणे जमत नसेल, तर वर्गांकानुसार वाटणी करावी. जूनमध्ये ००० ते १००, जुलैमध्ये २०० आणि ३००, असे करत मार्चपर्यंत पूर्ण फेरी होते. बारकोड असेल तर दोन माणसांत रॅकमागून रॅक भराभर सरकते.

आता एक गोष्ट मी माझ्या नोकरीतली सांगते. त्या वेळी आम्ही कपाटे उघडी केली. मुले हाताने पुस्तक काढून पाहू लागली. वर्षाअखेर मोजले, तर गहाळ पुस्तके आधीच्या वर्षापेक्षा जास्त निघाली. संस्थेतल्या काहींनी लगेच सांगितले, पुन्हा कुलपे लावा. मी देवघेवीची नोंदवही काढली. त्याच वर्षी घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या कितीतरी पटीने वाढलेली होती. कुलपे लागली नाहीत. तेव्हापासून मी एक नियम पाळला, तोच तुझ्या आईंना सांगते : गहाळ ग्रंथांचा आकडा कागदावर कधी एकटा ठेवू नये. त्याच्या शेजारी त्या वर्षाच्या देवघेवीचा आकडा ठेवावा. ज्या ग्रंथालयात कुणी पुस्तकाला हात लावत नाही, तिथे पुस्तक हरवतही नाही. तिथला शून्य हा यशाचा आकडा नव्हे. फाइल तपासणाऱ्या समितीने हे आपणहून ओळखावे अशी वाट पाहू नये. दोन आकडे शेजारी ठेवले की ते वाचणाऱ्याला दिसते.

आणखी एक. आईंच्या आधीच्या काळात हरवलेली पुस्तके त्यांच्या नावावर येऊ नयेत. रुजू होतानाच्या पदभार-यादीत त्या वेळी किती ग्रंथ हाती आले, याची नोंद असेल. ती पहिल्या पानावर लावावी. ती नसेल तर त्यांनी केलेली पहिली पडताळणी हाच पाया धरावा आणि तसे स्पष्ट लिहावे. गहाळ ग्रंथ वेगळे आणि निर्लेखित ग्रंथ वेगळे, हेही दाखवावे. वाळवीने खाल्लेली, अभ्यासक्रम बदलल्याने बाद केलेली पुस्तके ग्रंथालय समितीच्या ठरावाने आणि व्यवस्थापनाच्या मंजुरीने निर्लेखित होतात. त्यांचा ठराव जोडला नाही, तर कागदावर तीही हरवलेलीच दिसतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. रोजच्या कामाची फाइल कशी लिहायची?

आधी पात्रता पाहून घ्यावी. वेतनस्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असलेल्यांना चार वर्षे, एम.फिल. असलेल्यांना पाच आणि दोन्ही नसलेल्यांना सहा वर्षे सेवा लागते. तू सहा वर्षे लिहिलीस, त्यावरून आई तिसऱ्या गटात असाव्यात. त्यांना एक २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि संगणकीकरण, डिजिटायझेशन, देखभाल अशा विषयांवरचे किमान पाच दिवसांचे प्रशिक्षण लागते. सहापैकी किमान पाच वर्षे 'समाधानकारक' किंवा 'चांगले' ही श्रेणी लागते. अर्ज देय तारखेच्या आधी तीन महिन्यांच्या अवधीत देता येतो. या टप्प्यावर छाननी-नि-मूल्यमापन समिती शिफारस करते. निवड समितीपुढची मुलाखत खूप पुढे, स्तर १२ वरून १३ए वर जाताना येते. म्हणून आत्ता जवळजवळ सगळा भार कागदावर आहे. जे कागदावर नाही, ते सांगायला आईंना संधी मिळेलच असे नाही.

श्रेणी वर्षाची आहे, म्हणून फाइलही वर्षावार लावावी. पुष्कळ जण इथेच चुकतात. एका पिशवीत सगळी प्रमाणपत्रे, दुसरीत सगळे फोटो, तिसरीत सगळे अहवाल अशी ते विषयवार मांडणी करतात. मग २०२२-२३ या वर्षात नेमके काय झाले हे पाहायला समितीला तीन पिशव्या उपसाव्या लागतात. त्याऐवजी सहा वर्षांच्या सहा फाइली करा. प्रत्येकीत वर एक पान, त्यावर पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे दोन ओळी आणि जोडपत्राचा क्रमांक. मागे फक्त त्याच वर्षाची जोडपत्रे.

पुरावे काय लावायचे ते मुद्द्यानुसार सांगते. उपस्थितीसाठी बायोमेट्रिक किंवा मस्टरवरून काढलेला दाखला, त्यात अपेक्षित दिवस, हजर दिवस आणि टक्केवारी. ९० आणि वर असेल तर चांगले, ८० आणि वर असेल तर समाधानकारक. संगणकीय नोंदींसाठी दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक आणि 'सोल' किंवा 'कोहा', जी प्रणाली असेल तिच्यातला एकूण नोंदींचा अहवाल, दोन्ही एकाच तारखेचे. इथे १०० टक्के नोंद असेल तरच चांगले आणि ९९ टक्के असेल तर समाधानकारक, म्हणजे ३८,००० पैकी जेमतेम ३८० बाहेर राहिलेले चालतात. हा मुद्दा सुरुवातीच्या वर्षांत पुरा होत नसेल तर घाबरू नये. चौथ्याबरोबर दुसरा किंवा पाचवा दाखवावा.

दुसऱ्या मुद्द्यात एक गैरसमज मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो, २७ फेब्रुवारीला ग्रंथदिंडी, आणि हे सगळे कार्यक्रम म्हणून फाइलला लावले जाते. नियमात शब्द आहे परिसंवाद किंवा कार्यशाळा, ग्रंथालयीन कामावर किंवा विशिष्ट पुस्तकावर, साहित्यप्रकारावर. त्याच १५ ऑक्टोबरला पंचवीस मुलांना बसवून एका कादंबरीवर दोन तास चर्चा घेतली, विषय, वक्ते, हजेरीपत्रक आणि एक पान अहवाल ठेवला, तर ती संस्था पातळीवरची कार्यशाळा झाली. वर्षात अशा चार झाल्या की समाधानकारक श्रेणी मिळते. खर्च चहाचा.

पाचव्या मुद्द्यावर मी मुद्दाम जास्त रेंगाळते, कारण आपल्या ग्रंथपालांचे सर्वांत जास्त काम इथेच वाया जाते. त्यातले सहा प्रकार असे : संगणकीय माहितीसाठा नसलेल्या ठिकाणी ग्रंथांच्या नोंदी डिजिटल करणे, ग्रंथालय-जाळ्याचा प्रसार, ग्रंथांविषयीची माहिती वाचकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था, प्रवेश-परीक्षा-अभ्यासेतर उपक्रमांतले प्रशासकीय साहाय्य, वाचकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आणि मान्यताप्राप्त नियतकालिकातला किमान एक शोधनिबंध. एक केले तर समाधानकारक, दोन केले तर चांगले. प्रवेशाच्या दिवसांत ग्रंथपाल खिडकीवर बसलेली नसते असे महाविद्यालय मला तरी आठवत नाही. परीक्षेच्या काळात तर ग्रंथालयाचे अर्धे टेबल परीक्षा विभागाचेच असते. पण त्याचा आदेश निघत नाही. "मॅडम, जरा या ना" एवढ्या तोंडी निरोपावर सगळे चालते, आणि सहा वर्षांनी ते काम झाल्याचा एक कागद सापडत नाही. आईंना सांग, यापुढे असे प्रत्येक काम आले की प्राचार्यांकडून चार ओळींचे पत्र मागून घ्यायचे. मागे होऊन गेलेल्या कामासाठी प्रवेश समितीची इतिवृत्ते, परीक्षेच्या ड्यूटीचे तक्ते, मानधनाच्या पावत्या शोधायच्या. त्यांत नाव निघतेच.

महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके देणाऱ्या 'एन-लिस्ट'चेही तसेच. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा किती ग्रंथपालांनी घरी बसून मुलांचे आणि प्राध्यापकांचे लॉगिन तयार केले, फोनवर पासवर्ड समजावले, प्रकरणे स्कॅन करून पाठवली. ग्रंथालयाचे दार बंद होते, ग्रंथालय चालू होते. त्या वर्षातल्या लॉगिनची यादी, वापराचा अहवाल, पाठवलेल्या ई-मेलची नोंद काढावी. त्या काळातील उपस्थितीविषयी महाविद्यालयाला आलेले आदेशही त्या वर्षाच्या फाइलला जोडावेत.

एवढे झाल्यावर शेवटी निवेदन लिहायला बसावे. आधी निवेदन आणि मग पुरावे, असे केले की लेखणी विशेषणांकडे वळते. माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिले होते, सर्व ग्रंथालयीन सेवा उत्तम रीतीने दिल्या. समितीतल्या एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी शांतपणे विचारले, 'कोणत्या सेवा? कुणाला?' मला त्या वेळी एक आकडा सांगता आला नाही. काम खरोखर केले होते, म्हणून ते जास्त लागले.

फरक कसा असतो, ते एका नमुन्यावरून पाहा. 'ग्रंथालयाचे संगणकीकरण यशस्वीरीत्या पूर्ण केले.' हे वाक्य कोणत्याही ग्रंथपालाला कोणत्याही वर्षी लिहिता येईल. आता हे वाच : 'रुजू झाले तेव्हा दाखल नोंदवहीत ३४,२०० ग्रंथ आणि प्रणालीत २१,५०० नोंदी होत्या. कमवा व शिका योजनेतील दोन विद्यार्थ्यांना नोंदीचे काम शिकवले आणि मार्च २०२२ पर्यंत उरलेल्या १२,७०० नोंदी पूर्ण केल्या. पूर्वी विद्यार्थ्याला कार्डांचे खण उघडावे लागत, आता तो मोबाइलवर पुस्तक शोधतो.' आकडे मी नमुन्यासाठी घेतले आहेत. पण वाक्यांची चाल बघ. आधी काय होते, मी काय केले, वाचकाचे काय बदलले. 'यशस्वी' हा शब्द त्यात कुठेही नाही आणि त्याची गरजही भासत नाही.

वाचकांच्या तक्रारींची वही असेल तर तीही लपवू नये. तक्रारी आणि त्यांचे निवारण यांची माहिती समितीपुढे ठेवता येते, असे त्या तक्त्याखालच्या टिपेतच म्हटले आहे. 'वाचन कक्षातला पंखा बंद आहे' ही तक्रार, खाली आईंची सही आणि चार दिवसांनी 'दुरुस्त' असा शेरा, एवढी नोंद अर्ध्या पानाच्या निवेदनाइतकी बोलते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. ज्या वर्षाचा पुरावा नाही, त्या वर्षाचा पुरावा आज तयार करू नये. मागल्या तारखेचे अहवाल, आत्ता घेतलेल्या सह्या, असा सल्ला देणारे लोक भेटतील. पण नियमाने सहापैकी पाच वर्षे मागितली आहेत. एक वर्ष दुबळे असू शकते, हे नियमालाही ठाऊक आहे. त्या वर्षापुढे सरळ लिहावे की पडताळणी झाली नाही, कारण अमुक. यादी आणि रॅक जुळतील, असे वचन जिने वाचकाला दिले आहे, तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये तरी न घडलेले घडले असे असू नये.

आणि तू काय करू शकतेस? दोन-तीन संध्याकाळी वही घेऊन आईंच्या समोर बस. एकेका वर्षाचे नाव घे आणि विचार, त्या वर्षी ग्रंथालयात काय नवे झाले? कोण मूल रोज यायचे? कुठले पुस्तक सगळे मागायचे आणि तुम्ही ते कुठून आणलेत? त्या 'काही नाही गं' म्हणतील. तू थांब. मग एखादे आठवेल, त्याच्या मागून दुसरे. तू फक्त लिहीत जा आणि प्रत्येक गोष्टीपुढे विचार, याचा कागद कुठे असेल? निम्मे कागद त्या ढिगातच निघतील.

फाइल गेली की बाजारातून एक जाड वही आण. स्तर ११ वरून १२ वर जायला पुढची पाच वर्षे लागतात आणि ती देय तारखेपासूनच सुरू होतात. पहिल्या पानावर आईंनी तारीख घालावी आणि त्या दिवशी कुणाला कोणते पुस्तक शोधून दिले, ते लिहावे.